परत फिरायची वेळ

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी तो 'एव्हरेस्ट' सिनेमा मीच लावला, चूक माझीच. हिमालय डोळ्यांसमोर आला की पुढचं सांगणं सोपं जाईल, असं मनात होतं. पण गिर्यारोहकांच्या गटाला वर नेणारा रॉब हॉल बर्फात अडकून आपल्या गरोदर बायकोशी बोलायला लागला आणि आई, तू पदर तोंडाला लावलास. बाबा, तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलात. चहावर साय धरली तरी आत आला नाहीत. मग माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून हे पत्र.

मी ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाते आहे. पैसे भरलेत, रजाही मिळालीय. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण शिखरावर नाही हो जात! शिखर 8,848 मीटरवर, बेस कॅम्प 5,364 वर. वाटेत राहायला लॉज आहेत, गरम डाळभात मिळतो, वाटेतल्या नामचे गावात हवा मानवावी म्हणून जादा मुक्काम आहे. डॉक्टरांकडून तपासून घेतलंय. उंचीचा त्रास होऊ शकतो, ते लपवत नाही. वाढला तर लगेच खाली उतरायचं, हे पक्कं आहे.

त्या रात्री मी सिनेमातल्या त्या खऱ्या दुर्घटनेबद्दल, 10 मे 1996 बद्दल, वाचत बसले. दुपारी दोनला, असाल तिथून मागे फिरायचं असं ठरलं होतं. रॉबच्या गटातला डग हॅन्सन माथ्यावर पोचला तो चारनंतर. आदल्या वर्षी तो माथ्याच्या थोडं खालूनच परतला होता, म्हणून या खेपेला रॉबला त्याला नाही म्हणवलं नसेल. त्या वादळात आठ जण गेले. त्यात तिबेटच्या बाजूने चढणारे आपल्या आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, तिघे होते. पण रॉबच्याच गटातले तिघे सकाळी साडेअकराच्या सुमाराला मागे वळले होते. ते घरी पोचले.

ते वाचलं आणि मला कळसूबाई आठवली. मी सातवीत, शेवटची शिडी समोर, आणि वारा असा की बाबा, तुम्ही माझ्या रेनकोटची टोपी मुठीत घट्ट धरली होतीत. "देवी कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी येऊ," म्हणालात. मी बारी गावापर्यंत रडत उतरले. आईने दिलेला शेंगदाण्याचा लाडूही खाल्ला नाही. आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते. बाबा, मला मागे फिरता येतं. तुम्हीच शिकवलंत.

आता तुमचं. दादा रोज रात्री दादरला झोपायला येईल. पोळीवाल्या मावशींना दोन्ही वेळचं सांगितलंय. सिलेंडर लावून देते, गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरून ठेवते. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच, "घेतो नंतर" चालणार नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. आई, गुडघा दुखत असेल तर जिने उतरून भाजीला जाऊ नकोस, शेजारच्या काकू आणतील. आणि चकल्या मी आल्यावरच करायच्या, सोऱ्या मी फिरवीन.

वर रोज फोन लागेलच असं नाही. नाही लागला तर रात्र जागून काढू नका ना.

बाबा, तुमची ती खाकी माकडटोपी द्याल मला? शनिवारी न्यायला येते. रागावलेले असलात तरी चहा माझ्याबरोबरच घ्या.

तुमची,
चिमी