वस्तऱ्याची पाठ पाहणाऱ्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही मोबाइलला हात लावत नाही, त्यामुळे हे नातवानं वाचून दाखवायचं. तुमचं मालवणी लिहिताना मी कुठे चुकलो असेन, तर त्यानं हसू नये.

आषाढातल्या त्या सोमवारी वेंगुर्ल्याच्या बाजारात पावसानं गाठलं, म्हणून तुमच्या बंद सलूनच्या पत्र्याखाली थांबलो. हातात आजोबांचा वस्तरा, पात्याच्या मुळाशी इंग्लंडमधल्या शेफिल्डचा अर्धा पुसलेला शिक्का. निघालो होतो धारवाल्याकडे, विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या सहाणेच्या चाकावर धरायला. ते ऐकल्यावर तुम्ही तो जवळजवळ हिसकावूनच घेतलात. सुक्या चाकावर एवढं पातळ पातं क्षणात तापतं, निळं पडतं, पोलादाचं पाणीच उतरतं. पाच मिनिटं पाऊस उशिरा आला असता तर आजोबांचा वस्तरा गेलाच होता.

तीन महिने मी धारेशी झगडत होतो. तुम्ही धारेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पातं उलटं करून पाठीवरून, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवरून, अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "धार काय बघतंस? पाठ बघ."

वस्तरा घासताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून धारेचा कोन ठरवतात. हलक्या हातानं घासलं तर दोन्ही बेतानं झिजतात, कोन जवळपास तसाच राहतो. आमच्या घरी मात्र कुणीतरी (आजोबाच असणार, उगाच काकांवर ढकलण्यात अर्थ नाही) खरबरीत दगडावर बोटांनी पाठ दाबून वर्षानुवर्षं रगडलं होतं. घरी येऊन व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या पट्टीनं) मोजलं. रुंदी १५ मिलिमीटर, पाठ ३.४. जाडीला रुंदीनं भागून ५७.३ नं गुणलं की कोन अंदाजे कळतो. आला १३ अंश. हवा साधारण १६-१७. एवढी बारीक धार हातावरचे केस सहज उडवते, पण दाढीच्या खुंटांपुढे चुरते. माझी धार रात्री लागायची आणि सकाळी अर्ध्या गालावर संपायची, ती यामुळे.

तुमचा उपाय वायरमनची काळी इन्शुलेशन टेप. पाठीवर दोन थर. "एकान काय होवचा नाय," म्हणालात. माझ्या टेपचा एक थर ०.१५ मिलिमीटर भरला. दोन्ही अंगांचे दोन-दोन थर धरले की पाठ ४ मिलिमीटर आणि कोन सव्वापंधरा. तुम्ही हे गणित अंगठ्यानंच केलं होतंत.

मग नातवाच्या दप्तरातलं मार्कर घेऊन धारेच्या कडेला शाई फासलीत. दोन हात फिरवल्यावर टोकाकडची शाई गेली, मुठीकडची तशीच. म्हणजे पाठ सगळीकडे सारखी झिजली नव्हती. तिथून पुढचा तास तुम्ही मला एकच गोष्ट शिकवलीत: पातं दगडावर तिरकं ओढत न्यायचं, जोर अजिबात द्यायचा नाही, शाई काय सांगते ते ऐकायचं. सोबत नेलेला माझा दगड मध्ये पन्हळीसारखा खोल गेला होता, तो आधी काचेवर ओल्या पॉलिश पेपरनं सपाट करून घेतलात. १००० नंबरी दगडावरच खरं काम झालं. ५००० आणि ८००० नंबरी बारीक दगडांवर फक्त झिलई. दगड बदलला की टेपही नवी. चामड्याच्या पट्ट्यावर टेप नको, आणि पातं वळवताना पाठीवर वळवायचं, धारेवर नाही. हे मी दोनदा चुकलो. पट्ट्यावर तो काप अजून दिसत असेल, त्याबद्दल माफी.

हल्ली दुकानात अर्ध्या ब्लेडचाच वस्तरा चालतो, ब्लेड टाकून दिलं की झालं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण दगडावर हात फिरवताना तुम्ही बोलायचे थांबलात, ते माझ्या लक्षात आलं.

पैसे घेतले नाहीत. नारळ दिले ते शेजारी वाटलेत, असं नंतर कळलं.

सांगितल्याप्रमाणे वस्तरा चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, खाऱ्या हवेत चामडं ओल धरतं. पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात देऊन फडक्यात गुंडाळतो. टोकाजवळ गंजाचा एक ठिपका आहे, तो दाखवायचा आहे. चतुर्थीच्या आधल्या सोमवारी येतो. दाढीही तुम्हीच करायची, याच वस्तऱ्यानं.

तुमचा,
पत्र्याखाली थांबलेला