रुळांमधून काढलेला फोटो बक्षिसाला घेऊ नका

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

रुळांवरच्या घुसखोरीबद्दल आपल्याकडे येणारी पत्रं बहुतेक कुंपण, पहारा आणि दंड मागणारी असतील. माझी मागणी बिनखर्चाची आहे. रेल्वेच्या छायाचित्रस्पर्धा, दिनदर्शिका आणि समाजमाध्यमांवरची अधिकृत पानं यांत, रुळांमध्ये घुसून काढलेला एकही फोटो घेऊ नका. कितीही देखणा असला तरी.

मी स्वतः बरीच वर्षं गाड्यांचे फोटो काढतो, म्हणून आधी माझंच सांगतो. एकदा धुक्यातून वळण घेत येणारी गाडी अगदी समोरून हवी होती. रुळांच्या मधोमध उकिडवा बसलो. त्या गाडीची वेळ मला पाठ होती. ती जवळ आली तसा उठलो आणि डोळा कॅमेऱ्यातच ठेवून शेजारच्या मार्गावर सरकलो. तेवढ्यात पाठीमागून भोंगा आला. त्या मार्गावर मालगाडी होती. खडीवर उडी घेतली, गुडघे फुटले, वाचलो. तिच्या चालकाचा चेहरा मला दिसला नाही. त्याला मात्र माझी पाठ बराच वेळ दिसत असणार.

फोटो उत्तम आला होता. खरी अडचण तीच आहे.

गाडी येताना दिसेल, ऐकू येईल, मग बाजूला होऊ, हा हिशोब जवळजवळ प्रत्येक जण करतो. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते; ३०० मीटरवर दिसली तर हातात ११ सेकंदही नसतात. शिवाय अवजड वस्तू डोळ्याला असते त्यापेक्षा सावकाश येते आहे असं वाटतं, आणि थेट समोरून येणारी तर कितीतरी वेळ जागची हललीच नाही असं वाटतं. त्यात मोबाइलची भर. त्याचं नेहमीचं भिंग रुंद कोनाचं, त्यामुळे पडद्यावर गाडी प्रत्यक्षापेक्षा दूर दिसते. माणूस गाडीकडे बघतच नसतो, गाडीच्या छोट्या चित्राकडे बघत असतो. विजेवरच्या गाडीचा आवाज पुढे उभ्या असलेल्याला उशिरा जाणवतो, आणि एका गाडीच्या खडखडाटात दुसरी ऐकूच येत नाही. माझं नेमकं तेच झालं.

रुळाच्या बाहेर उभं राहिलं की सुटलो, हाही भ्रम. जगात सर्वाधिक वापरात असलेल्या मापाच्या मार्गावर दोन रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर असतं आणि डबा साधारण ३ मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण मीटरच्या आसपास गाडी रुळाबाहेर असते. २०२४ च्या जूनमध्ये मेक्सिकोत कॅनडाहून आलेलं १९३० सालचं वाफेचं इंजिन बघायला गर्दी लोटली होती. सेल्फीसाठी रुळाजवळ वाकलेल्या एका स्त्रीच्या डोक्याला त्या इंजिनाची धडक बसली आणि ती गेली. ती रुळांच्या मध्ये नव्हती, कडेला होती. तारांबद्दल एवढंच सांगतो की २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागत नाही. डब्याच्या टपावर चढलेल्याला किंवा काठी उंचावलेल्याला ती जवळ गेल्यावरही पकडते.

आपल्याला कुणी म्हणेल, हे हौशी पोरांचं वेड आहे. तसं नाही. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका चित्रपटाचं व्यावसायिक पथक नदीवरच्या रेल्वेपुलावर चित्रीकरण करत होतं. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. तरी रुळांवर लोखंडी पलंग मांडला गेला, मालगाडी आली आणि २७ वर्षांची कॅमेरा-सहायक ठार झाली. दिग्दर्शकाने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिने पुलावर जायचं स्वतः ठरवलं नव्हतं, तिला कामाला नेलं होतं. ‘जीव माझा, धोका माझा’ म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच ही घटना सांगतो.

धोका एकट्याचा कधीच नसतो. चालकाला गाडी वळवता येत नाही. भोंगा आणि ब्रेक, दोनच गोष्टी त्याच्या हातात, आणि पूर्ण ब्रेक लावूनही वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. उरलेलं सगळं त्याला काचेतून बघावं लागतं. थोडक्यात वाचलेल्या माणसाला आपण नशीबवान म्हणतो. चालकाने तो वाचला की नाही हे कळेपर्यंतची सेकंदं मोजलेली असतात. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन दुरुस्तीनंतर लंडनहून यॉर्कला निघालं, तेव्हा फोटोसाठी लोक रुळांवर उतरल्याने त्याला वाटेत थांबावं लागलं. ज्या गाडीवर एवढा जीव, तीच अडवली! आम्हा रेल्वेवेड्यांचं प्रेम कधीकधी असं असतं.

दंड वाढवून काय होईल? थोडं होईल. हजारो किलोमीटर मार्गावर प्रत्येक वळणाला शिपाई उभा करता येत नाही. पण फोटोला उभं राहायची जागा लपवता येत नाही. दोन्ही रूळ चौकटीच्या तळाशी उजव्या-डाव्या कोपऱ्यांत उतरत असतील, तर कॅमेरा कुठे होता हे परीक्षकाला विचारावंही लागत नाही. आपल्या खात्याचे छायाचित्रकार परवानगीने, वाहतूक रोखून असेच फोटो काढतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या खाली तसं ठळक लिहा. आज ते लिहिलेलं नसतं, आणि बघणारा पोरगा एवढंच शिकतो की चांगला फोटो तिथून येतो.

सोबत एक द्या. फलाटाची टोकं, पादचारी पूल, वळणाजवळची उंच जागा, जिथून कठड्याआडून गाडी नीट दिसते, अशा जागा नेमून द्या आणि तसे फलक लावा. बऱ्याच जणांना फक्त बरा कोन हवा असतो.

माझा तो धुक्यातला फोटो मी अजून कुठे दिलेला नाही. पुढच्या स्पर्धेला पाठवणार आहे. पहिल्याच फेरीत तो बाद झाला, तर हे पत्र पोहोचलं असं मी समजेन.

आपला नम्र,
एक रेल्वे-छायाचित्रकार