विषय : गच्चीवरील शेडचे खांब रंगवण्याआधी बुंध्यापाशी तपासण्याबाबत

मा. अध्यक्ष,
स.न.वि.वि.

शेडचा गंज घासून रेड ऑक्साइडचा गंजरोधक पहिला हात आणि वर ऑइल पेंट मारण्याचे कमिटीने ठरवले आहे. काम सुरू होण्याआधी आपण स्वतः गच्चीवर येऊन खांबांचे बुंधे पाहावेत, ही कळकळीची विनंती.

वरच्या कैच्या (पत्र्यांना आधार देणारे लोखंडी सांगाडे) आणि पत्रे ठीक आहेत. पण खांब जिथे कोब्यात गाडले आहेत तिथे पाणी साचते आणि लोखंडाचे पापुद्रे हाताने निघतात. समुद्र जवळ असल्याने खारा थर बसतो. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, त्यामुळे पावसाळा सरला तरी गंज थांबत नाही. शिवाय हे पोकळ पाइप आहेत. तोंडे नीट बंद नसली की पाणी आत उतरते आणि पाइप आतून खाल्ला जातो. तिथे रंग पोहोचतच नाही. उरलेली जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजता येते. ती मोजल्याशिवाय रंगाचे बिल मंजूर करू नये.

मला जास्त काळजी स्लॅबची वाटते. बेसप्लेटचे, म्हणजे खांबाच्या तळाच्या लोखंडी पाटीचे, स्लॅबमध्ये रोवलेले अँकर बोल्ट वॉटरप्रूफिंग भेदून खाली गेले आहेत. त्या वाटेने पाणी सळयांपर्यंत जाते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. आमच्या छताचे पोपडे नेमके या खांबांखालीच सुटत आहेत. खाली मुले झोपतात.

कुजलेला भाग कापून नवा जोडावा आणि बेसप्लेट काँक्रीटच्या ओट्यावर, पाण्याच्या वर घ्यावी. नवे भाग हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेले, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून जस्ताचा थर दिलेले असावेत. आयएस ४७५९ या भारतीय मानकानुसार ५ मिमी व त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन जस्त लागते. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि पोलाद वाचते. मात्र गच्चीवर वेल्डिंग केले की तिथले जस्त जळते, म्हणून जोड बोल्टचे हवेत. खर्च वाढेल, पण दर काही वर्षांनी रंगाचा खर्च करण्यापेक्षा मला तो रास्त वाटतो.

इमारत ३० वर्षांपुढची असल्याने सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. या वेळी शेडही त्यात घ्यावी. इंजिनिअर येतील तेव्हा आमचे छत तपासायला घर उघडे ठेवू. फक्त आदल्या दिवशी कळवावे.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरील सभासद