जेफ्री रश यांची आधीची पंचवीस वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियन नट जेफ्री रश यांच्यावर लेख आला आहे. ‘शाइन’ (1996) या एका चित्रपटाने पंचेचाळिशीत त्यांचे नशीब उघडले, असा त्याचा सूर आहे. त्याआधीची पंचवीस वर्षे मात्र लेखातून गळली. इंदूरच्या हौशी नटांना उपयोगी पडेल असे जे काही आहे, ते नेमके तिथेच आहे.

रश 1971 पासून ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड थिएटर कंपनीत होते. 1975 मध्ये ते पॅरिसला जॅक लेकॉक यांच्या नाट्यशाळेत दोन वर्षांसाठी गेले. तिथे पाठांतराआधी येतो तटस्थ मुखवटा, ना हसरा ना रडका. चेहरा झाकला की सगळा भार मान, पाठकणा आणि पावलांवर येतो. कोणाचे खांदे उगाच चढलेले असतात, कोण चालताना हनुवटी पुढे काढतो, ते लगेच उघडे पडते. मान जास्त झुकली तर प्रेक्षकाला नुसते कपाळ दिसते. आणि मुखवट्याला हात लागला की खेळ संपलाच! विदूषकाचे लाल नाक येते ते बरेच पुढे.

याचे फळ 1989 मध्ये सिडनीच्या बेल्व्हॉर स्ट्रीट थिएटरात दिसले. रशियन लेखक गोगोलच्या कथेवरच्या ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’मध्ये त्यांनी वेडा होत जाणारा कारकून उभा केला, दिग्दर्शक नील आर्मफील्ड. (ही वास्तू 1984 मध्ये सहाशेहून अधिक नाट्यप्रेमींनी पैसे घालून वाचवली होती. सभासदांच्या वर्गणीवर नाटके जगवणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.)

‘शाइन’मध्ये पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉट साकारताना त्यांनी चौदाव्या वर्षी सोडलेला पियानो पुन्हा हाती घेतला. कारण सरळ आहे. बोटे आणि खांदे सुरांशी जुळले नाहीत, तर हात दुसऱ्याचे दाखवावे लागतात आणि मग चेहरा व हात एका चौकटीत येऊच शकत नाहीत. या भूमिकेच्या ऑस्करनंतरही त्यांनी रंगमंच सोडला नाही. नाटककार आयनेस्कोच्या ‘एक्झिट द किंग’चे रूपांतर आर्मफील्ड यांच्यासोबत स्वतः केले आणि त्यातल्या भूमिकेसाठी 2009 मध्ये अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवला. लेखात याला जेमतेम एक ओळ!

आता आपल्याकडचे. रवींद्र नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी घोटलेला आवाज आणि उडणाऱ्या भुवया घेऊन मुले वेबमालिकेच्या ऑडिशनला जातात. क्लोजअपमध्ये तीच भुवई कपाळभर होते. शिवाय पहिल्या टेकला (म्हणजे दृश्याच्या पहिल्या चित्रीकरणात) ज्या शब्दावर कप उचलला, त्याच शब्दावर पुढच्या प्रत्येक टेकला उचलला नाही, तर संकलनात तुकडे जुळत नाहीत. शरीराचा हिशेब ठेवायची सवय मुखवट्याने लागते, उच्चारांच्या तासाने नाही.

उन्हाळी शिबिरांत असा मुखवटा सहज करता येईल. शाडूच्या मातीचा साचा चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा करावा, कारण मुखवटा चेहऱ्याला चिकटता कामा नये. साच्यावर तेलाचा हात फिरवून रद्दीच्या पट्ट्यांचे सहा थर मैद्याच्या खळीने लावावेत. दर दोन थरांनंतर पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर आतून बुरशी धरते आणि कडा वाकतात. डोळ्यांची भोके शेवटी कापावीत. कानांना टोचते ती कड सुरीने नाही, काचकागदाने घासावी.

एक नाट्यप्रेमी वाचक, इंदूर