वाहाकातील ‘मुनिसिपिओ’ म्हणजे नगरपालिका नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील मेक्सिकोवरचा लेख वाचला. दक्षिणेकडच्या त्या डोंगराळ राज्याबद्दल मराठीत क्वचितच काही छापून येते, म्हणून आनंदाने दोनदा वाचला. राज्याचे नाव मात्र ‘ओक्साका’ छापले आहे. तिथे ते ‘वाहाका’ असे उच्चारतात. त्याहून जास्त खटकले ते ‘या राज्यात तब्बल ५७० नगरपालिका आहेत’ हे वाक्य.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. मुलगा नोकरीनिमित्त मेक्सिकोत असल्याने गेल्या हिवाळ्यात दोन महिने वाहाकात राहता आले. ‘नगरपालिका’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाजारपेठ, घरपट्टी, मुख्याधिकारी येतात. तिथला ‘मुनिसिपिओ’ म्हणजे बहुतेक ठिकाणी एक गाव, त्याच्या वाड्यावस्त्या आणि त्याचे रान. सांता माग्दालेना हिकोत्लान या मुनिसिपिओत २०२० च्या जनगणनेत शंभर माणसेही नव्हती. उत्तरेतले चिवावा राज्य वाहाकाच्या अडीचपटीहून मोठे, तरी तिथे मुनिसिपिओ फक्त ६७. मग वाहाकातच एवढे का, हा खरा प्रश्न होता आणि लेखात तो आलाच नाही.

त्याचे एक उत्तर मला तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावात तळहातावर मिळाले. एका घरातल्या आजींनी निवडुंगावर वाढणारे वाळलेले किडे माझ्या हातावर ठेवून बोटाने चिरडले. गर्द लाल रंग उतरला. त्यावर लिंबू पिळले तर नारिंगी झाला, चिमूटभर चुना घातला तर जांभळा. हा कोचिनील. स्पॅनिश राजवटीत चांदीच्या खालोखाल याचीच निर्यात होई. हे किडे गावकरीच आपल्या जमिनीत, आपल्या निवडुंगावर वाढवत. अधिकारी आणि व्यापारी आगाऊ पैसे देऊन माल उचलत, त्यात पिळवणूकही भरपूर झाली. पण मळेवाल्यांनी गावेच्या गावे गिळली, असे इथे इतर प्रांतांइतके झाले नाही. जमीन गावाकडे राहिली, आणि जमिनीबरोबर गावकी राहिली. स्वातंत्र्यानंतर १८२५ च्या राज्यघटनेने लहान गावांनाही ‘रेपुब्लिका’ म्हणून स्वतःचा कारभार दिला. त्यातलीच कितीतरी आज मुनिसिपिओ आहेत.

यांपैकी चारशेहून अधिक मुनिसिपिओंत आजही पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक होत नाही. गावसभा भरते आणि तिथेच माणसे निवडली जातात. १९९५ पासून राज्याच्या कायद्याने याला मान्यता आहे. तरुण मुलगा आधी ‘तोपिल’ होतो, म्हणजे साधारण आपल्या कोतवालासारखा, आणि एकेक पद बिनपगारी सांभाळत वर चढतो. रस्ता, शाळा, पाण्याची चर यांसाठी ‘तेकिओ’ असतो. घरटी एक माणूस कामाला येतो. आपल्याकडच्या श्रमदानाशी तुलना सुचते, पण तेकिओ ऐच्छिक नाही, चुकवला तर दंड भरावा लागतो. सगळेच गोडगोड आहे असे मी म्हणणार नाही. अनेक गावांत बायकांना सभेत मत नव्हते. २००७ मध्ये सांता मारिया किएगोलानीत एउफ्रोसिना क्रूस निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा तिला मिळालेली मते रद्द करण्यात आली. तिने तो लढा पुढे नेला आणि कायदा बदलायला लावला. लेखात नाचाच्या झग्यांचे तीन फोटो आहेत. त्यांतल्या एकाच्या जागी ही हकिकत मावली असती.

नावांबद्दलही एक विनंती. लेखात नुसते ‘मिक्स्तेपेक’ लिहिले आहे. नाव नाउआत्ल भाषेतले, अर्थ ‘ढगांचा डोंगर’. त्याआधी येणारे ‘सान हुआन’सारखे संताचे नाव स्पॅनिश मिशनऱ्यांनी जोडले. पण सान हुआन मिक्स्तेपेक दोन आहेत आणि सान पेद्रो मिक्स्तेपेकही दोन! म्हणून सरकारी यादीत नावापुढे जिल्ह्याचा क्रमांक लिहावा लागतो. समुद्रकाठचे पुएर्तो एस्कोंदिदो शहर मुख्यतः ज्या सान पेद्रो मिक्स्तेपेकमध्ये येते तो २२ क्रमांकाचा. २६ क्रमांकाचा तिथून दूर डोंगरात आहे. पर्यटकाने चुकीचे नाव घेतले तर समुद्राऐवजी घाटात पोचेल.

शक्य असल्यास पुढील रविवारी दुरुस्ती छापावी. ‘नगरपालिका’ काढून ‘मुनिसिपिओ’ हाच शब्द ठेवावा आणि गावांची नावे संतासकट, पूर्ण द्यावीत. बेनितो हुआरेस यांच्या जन्मगावाचे नाव लेखात नाही, तेही घालता येईल. ते ग्वेलाताओ, तिथल्या सिएर्रा नोर्ते डोंगरातले झापोतेक लोकांचे गाव. १८०६ साली तिथे जन्मलेला तो मुलगा पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि ते गाव आज स्वतःच एक मुनिसिपिओ आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा