ब्रेक घासत नव्हता

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

ठरावीक मुदतीत पुरी करायच्या 600 किलोमीटरच्या राइडच्या यादीत माझे नाव नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आले असेल आणि वसंताने तुला गुडघ्याचे कारणही सांगितले असेल. गुडघा उत्तम आहे. रक्तदाब, साखर वगैरेही जागच्या जागी आहेत. सायकलवाल्यांमध्ये गुडघ्याचे नाव काढले की कोणी पुढचे विचारत नाही, म्हणून मी सर्वांना तेच सांगून मोकळा झालो. खरे कारण तुझ्यावाचून कोणाला सांगण्यासारखे नाही. आणि फोनवर तू पहिल्याच वाक्याला हसला असतास, म्हणून इतक्या महिन्यांच्या मौनानंतर हे पत्र. मला उताराची भीती वाटू लागली आहे.

हसून झाले असेल तर पुढे वाच.

किनाऱ्याच्या सहलीची छायाचित्रे तू पाहिलीस आणि त्यांवर नेहमीप्रमाणे माझ्या पोटाविषयी शेरेही मारलेस. त्या छायाचित्रांत नसलेली गोष्ट अशी, की परतीच्या वाटेवर पहाटे आम्हाला एक लांबलचक उतार लागला. गुळगुळीत डांबर, सरळ रस्ता, वाहन एकही नाही. ज्या उतारासाठी आपण दिवसभर चढ चढायचो, अगदी तसा. वेग ताशी 55 किलोमीटरच्या आसपास गेला असेल, तेवढ्यात पुढचे चाक थरथरू लागले. आधी मला रस्ताच खडबडीत वाटला. मग हँडलवरच्या पिशवीचा नकाशाचा कप्पा फडफडू लागला, बाटली खडखडू लागली आणि पाहता पाहता हँडल इतक्या वेगाने डावीउजवीकडे हेलकावू लागले, की त्याची टोके मला दोन-दोन दिसू लागली. मी ते जितके घट्ट आवळले तितके ते अधिकच चेवाने हलू लागले. त्या क्षणी तुझे एक जुने वाक्य आठवले. गुडघे दांडीला लाव आणि हात सैल सोड, असे तू एकदा म्हणाला होतास, आणि उतारावर हात सैल सोडणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही, असे मी म्हणालो होतो. मी गुडघे दांडीला दाबले, बूड सीटवरून जरासे उचलले आणि ब्रेक हळूहळू लावला. थरथर जशी आली तशीच गेली. वसंता पुढे होता, त्याला काहीच कळले नाही. पायथ्याशी भेटल्यावर तो एवढेच म्हणाला, की आज तू फारच रमतगमत आलास.

घरी आल्यावर मी सायकल अक्षरशः सुटी करून तपासून घेतली. हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या सांध्यात, खेळ नाही, बेअरिंगे घट्ट, चाके सरळ, स्पोकांचा ताण सारखा, टायर नीट बसलेला, चौकटीला कोठे तडा नाही. वाचन पुष्कळ केले. चौकट, फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), चाक आणि वर बसलेला मनुष्य हे सारे मिळून एका ठरावीक लयीत डोलू शकतात. एखाद्या वेगाला ती लय नेमकी साधली गेली, की सेकंदाला साधारण तीन ते दहा हेलकावे सुरू होतात आणि सायकल निर्दोष असली तरी होतात. उंच चौकट, मागच्या कॅरियरवर उंच रचलेले सामान, थंडीने अंगात भरलेली हुडहुडी आणि हँडलवरची आवळलेली मूठ, यांपैकी काहीही त्याला हातभार लावू शकते. गुडघा दांडीला टेकवला की ती लय मोडते. म्हणजे तू सांगितलेला उपाय शास्त्रीय होता. हे तुला लेखी देताना मला किती यातना होत आहेत याची कल्पना तू करू शकतोस.

मेकॅनिकने एखादा सैल नट काढून दाखवला असता, तर मी त्याला दुवा देऊन निर्धास्त झालो असतो. पडलो असतो, तर खरचटलेले भरून आले असते आणि चारचौघांत सांगायला किस्साही झाला असता. घडले काहीच नाही. पण तेव्हापासून घाटमाथा जवळ आला, की माझे खांदे वर चढतात, कोपरे ताठ होतात आणि बोटे ब्रेकवर जाऊन चिकटतात. यातला कावा तुझ्या लक्षात येईल. भीतीने मूठ आवळते आणि आवळलेली मूठ त्या थरथरीला आमंत्रण देते. म्हणजे ज्याची मला भीती वाटते ते घडवून आणण्याची सोय माझ्या भीतीनेच करून ठेवली आहे. हे गणित डोक्यात घेऊन मी उतार उतरतो, म्हणजे काय करतो ते तूच समज.

तूच, असे म्हणण्याला कारण आहे. त्या वळणावर तू घसरलास, त्यानंतरचा पावसाळा आठवतो का? आपण सारे पायथ्याशी थांबायचो आणि तू कितीतरी वेळाने यायचास. विचारले, की प्रत्येक वेळी तुझे उत्तर एकच असायचे: ब्रेक घासतोय. मी तुझ्या चाकापाशी बसून ते फिरवून पाहिले होते आणि ते निर्वेध फिरत होते. मनीषा तर तुला नवे ब्रेक-पॅड भेट द्यायला निघाली होती. इतक्या वर्षांनी मला कळले, की ब्रेक घासत नव्हता. तू कधी बोलला नाहीस आणि आम्ही कोणी विचारले नाही. पुढच्या हिवाळ्यात तू पुन्हा पूर्वीसारखा सुसाट सुटू लागलास. मधल्या काळात तू नेमके काय केलेस, एवढेच मला तुझ्याकडून हवे आहे.

वर्षातल्या बाकीच्या राइडांविषयी तू विचारशील. 200 आणि 300 किलोमीटरच्या राइडा किनाऱ्याच्या सहलीआधीच झाल्या होत्या, त्यांत सांगण्यासारखे काही नाही. 300 ला शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणी-ठाण्यावर, शिक्का मारणाऱ्या गृहस्थाला झोपेतून उठवावे लागले, एवढेच. 400 मात्र त्यानंतरची. मध्यरात्री पाऊस सुरू झाला. ओल्या रिमवर ब्रेक दाबला, की पहिले काही फेरे तो नुसते पाणी पुसतो आणि मग एकदम पकडतो, हे तुला सांगायला नको. पण त्या पहिल्या फेऱ्यांत माझा जीव जेवढा वरखाली झाला तेवढा पूर्वी कधी झाला नव्हता. दिव्याच्या पुढे फक्त पावसाच्या रेघा दिसत होत्या. एका मागोमाग एक लाल दिवे मला मागे टाकून खाली जात होते आणि रबर व ॲल्युमिनियमचा काळा चिखल माझ्या पोटऱ्यांवर साचत होता. 27 तासांची मुदत मी गाठली, पण ती चढांच्या जिवावर.

इथे एक मौज सांगतो. भीतीने मला चढ चढणारा केले आहे. पूर्वी चढावर मी गिअर, हवामान आणि तुझे पूर्वज यांना शिव्या देत असे. आता चढ संपू नये असे वाटते, कारण पलीकडे काय आहे ते ठाऊक असते. साहजिकच मी शांतपणे, लय धरून, आजूबाजूला पाहत चढतो, आणि या वर्षी चढांवर मी ज्यांना मागे टाकले त्यांची नावे ऐकून तुझा विश्वास बसणार नाही. अर्थात ती मंडळी मला उतारावर पुन्हा गाठतात, हा भाग वेगळा.

आणि एक दिवस निव्वळ सुखाचा होता. वसंता आणि मी पठारावरून परतत होतो आणि समोरून असा वारा सुटला, की सपाटीवर 12 चा वेग धरताना धाप लागत होती. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते हे आपण पाठ केलेले आहे. त्या दिवशी ते मांड्यांना समजले. आम्ही आळीपाळीने पुढे राहत होतो, एकमेकांच्या चाकामागे इतके चिकटून, की वसंताच्या मडगार्डावरचा प्रत्येक ओरखडा मला आता तोंडपाठ आहे. पठार संपून उतार लागला तरी वारा हटेना आणि उतारावरही पायडल मारावे लागले. वसंता दैवाला बोल लावत होता. मी मात्र वर्षभरातला एकमेव आनंदाचा उतार उतरत होतो, आणि हे त्याला सांगता येत नव्हते.

आता आपले जुने भांडण. डिस्क ब्रेक घे, डिस्क ब्रेक घे, असा तुझा धोशा आणि सहलीच्या सायकलला चाकाच्या कडेलाच पकडणारा रिम ब्रेकच बरा, कारण तो कोठेही दुरुस्त होतो, हा माझा हट्ट. हळू उतरले की प्रश्न मिटला, असे मी काही दिवस मानत होतो; पण सतत ब्रेक लावून उतरणाऱ्याची सगळी ऊर्जा रिमला तापवते, कारण वेग कमी म्हटल्यावर हवा तिच्यातला वाटा उचलत नाही. कोरड्या घाटात एका वळणावर थांबून मी रिमला बोट लावले आणि तेवढ्याच चपळाईने काढून घेतले. त्यापेक्षा सरळ भागात सायकलला जरा धावू द्यावे आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग तोडावा, हे बरे. तरीही तू जिंकलास असे समजू नकोस. डिस्क ब्रेकने माझी मूठ सैल होणार नाही.

मनाच्या समाधानासाठी मी जुन्या लोकांचे दाखले शोधले. उंच चाकाच्या सायकलीवरचे बहाद्दर उतारावर पाय हँडलच्या वरून पुढे टाकत, म्हणजे उडालेच तर डोक्याऐवजी पायांवर पडावे. इंग्लंडमध्ये 1880 च्या दशकात तीव्र उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या उभारल्या, त्या सायकलवाल्यांच्याच संस्थांनी. तेव्हा ही भीती खानदानी आहे. आणि तुझे ते दैवत, फ्रेंच सायकलवाला पॉल द व्हिवी, ऊर्फ वेलोसिओ? जन्मभर डोंगर चढला-उतरला आणि 1930 साली सायकल हातात धरून रस्त्याने पायी चालताना ट्रामची धडक बसून गेला. त्याच्या नियमांतला शेवटचा, केवळ ऐटीखातर सायकल चालवू नये हा, तू मला किती वेळा ऐकवला आहेस. गुडघ्याचे निमित्त सांगताना तो मला आठवला होता, पण सांगितले ते सांगितलेच.

खरा प्रश्न 2027 चा आहे. या वर्षीची 600 गेली म्हणून फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब राइडची पात्रता जात नाही. त्यासाठी त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 पुन्हा कराव्या लागतातच. फार तर आदल्या वर्षीच्या लांब राइडवर मिळणारी नोंदणीतली अग्रता आपल्या हातून जाईल. मला घोर वेगळाच लागला आहे. 1200 किलोमीटर, 90 तास, त्यात मोठा घाट एकही नाही. पण टेकडीमागून टेकडी अशी, की एकूण चढ अकरा-बारा हजार मीटरचा होतो. जितके चढायचे तितकेच उतरायचे, निम्मे अंधारात, अर्धवट झोपेत आणि अनोळखी लोकांच्या घोळक्यात. आपण ही गोष्ट इतकी वर्षे एकत्र ठरवत आलो, की मी येत नाही हे वाक्य लिहायला माझा हात धजत नाही. आणि येतो असे लिहायलाही धजत नाही. तू माझ्यासाठी थांबू नयेस. पण थांबला नाहीस तर मी तुला क्षमा करणार नाही.

आईंच्या डोळ्याचे चांगले झाले ना? चिरंजीवांच्या नोकरीचे वसंताकडून कळले, अभिनंदन. नव्या घरात सायकली टांगायला भिंत ठेवली आहेस की वहिनींनी ती कपाटाला दिली?

तर आता काम. तुझ्याकडे पुढच्या फोर्कला लावायचा तो खालचा कॅरियर पडून असेल. सामान मागे उंच रचण्यापेक्षा पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे वाटून सायकल स्थिर राहते का, ते मला पाहायचे आहे. कॅरियर कुरियरने पाठवू नकोस, घेऊन ये. महिनाअखेरीस दोन दिवस काढ. आपल्या घाटाने चढू, वर जाऊन मी जितका वेळ थांबेन तितका वेळ तू गप्प बसायचे, आणि उतरताना माझ्या मागे राहून फक्त माझ्या कोपरांकडे पाहायचे. ताठ झाली की ओरड. वसंताला बोलावू नकोस.

तुझा,
श्रीधर