नावात ग्रह, मेघात नाही

गेल्या रविवारच्या पुरवणीत ताऱ्यांच्या मृत्यूवर आलेला लेख आवडला, पण त्यातले ‘ग्रहीय तेजोमेघात नवे ग्रह जन्मतात’ हे वाक्य चुकीचे आहे. या मेघांचा ग्रहांशी संबंध फक्त नावापुरता. 1781 मध्ये युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीत हे मेघ ग्रहाच्या बिंबासारखे दिसले आणि नाव चिकटले ते कायमचेच. प्रत्यक्षात सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा होतो आणि बाहेरचे थर हजारो वर्षे अवकाशात सोडत राहतो. उघड्या पडलेल्या तप्त गाभ्याच्या अतिनील किरणांनी तोच वायू उजळतो. यात स्फोट नाही. तो सूर्याच्या साधारण आठपट किंवा अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या वाट्याला येतो.

दिवाळीच्या सुट्टीत जांबोटीजवळ आम्ही मुलांना अभिजित तारा ज्यात आहे त्या स्वरमंडळ तारकासमूहातला कंकण तेजोमेघ, म्हणजे असाच एक ग्रहीय तेजोमेघ, दाखवला. छायाचित्रातले रंग कुठले दिसायला! फिकट, धुरकट कडे तेवढे दिसले. ‘सर, मेदूवडा!’ असे एक मुलगी ओरडली. तिची उपमा हर्शेलसाहेबांपेक्षा सरस होती, असे माझे मत आहे.

ग्रहीय तेजोमेघासाठी मराठीत ‘बिंबाभ्रिका’ हा नेमका शब्द उपलब्ध आहे. सीमाभागात आमची मुले विज्ञानाचे मराठी शब्द बऱ्याचदा वर्तमानपत्रातूनच उचलतात. पुरवणीने तो वापरावा आणि ती चूक दुरुस्त करावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)